उजव्या चाकाचा हिरवा दिवा

४ मार्च

भावोजी,

पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात नाही. खालच्या औषधवाल्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तुम्ही पाकीट न फोडता फळीवर टाकलं असतंत आणि ते थेट पुढच्या साफसफाईलाच खाली आलं असतं. तीन वर्षांनी लिहितोय, तेही कामापुरतं. तुम्हीही कामापुरतंच वाचा.

आपण बांधलेल्या विमानाच्या चाकांनी मला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलंय.

धावपट्टी सोडली की मी खटका वर करतो, पंप चार सेकंद गुरगुरतो, तिन्ही चाकं पोटात जातात आणि पंप गप्प बसतो. इथवर सगळं तुम्ही बसवून दिलंत तसंच. पुढे तेलाचा दाबच चाकांना वर धरून ठेवतो, तेव्हा पंपानं पुन्हा तोंड उघडायचं कारण नाही. पण जानेवारीपासून तो आपणहून सुरू होतोय. आधी अर्ध्या तासानं एकदा, मग बारा मिनिटांनी, आता दर चार मिनिटांनी. म्हणजे दाब कुठूनतरी जातोय. आणि तेल तर कुठेच जात नाहीये! विमानाचं पोट मी आतून पांढऱ्या कागदांनी मढवलं, तासभर उडून आलो, तरी कागद कोरे. टाकीतली पातळी केसभर हललेली नाही. मग जे जातंय ते जातंय कुठे?

शेडमध्ये जॅकवर चढवलं की हेच विमान गुणी बाळ होतं. वीस वेळा चाकं आत, वीस वेळा बाहेर, एकदाही कुरकुर नाही. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखं.

गेल्या रविवारी उतरायच्या वेळी उजव्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. डावा लागला, पुढचा लागला, उजवा नाही. नंतर लागला. फार काही झालं नाही. आम्ही अठ्ठावीस मिनिटं घिरट्या घातल्या आणि नीट उतरलो.

तिन्ही सिलिंडर तुमच्या हातचे, म्हणून विचारतो. उजव्यात काही वेगळं केलं होतंत का? दोष देत नाही. नुसतं हो किंवा नाही लिहा.

ताईला कवळी करून घ्यायला माझ्याकडे आठवडाभर पाठवलंत, बरं वाटलं. स्वतः आला नाहीत, त्याबद्दल काही म्हणत नाही. मंगळवारी ती नीट पोचली असेलच. वरच्या हिरडीला बोचत असेल तर कळवायला सांगा, घासून देईन.

— तुमचा मेहुणा


१५ मार्च

भावोजी,

उत्तर नाही. हरकत नाही, मी तरी तीन वर्षं कुठे लिहिलं होतं!

मधल्या काळात तीन जाणकार आणले. रेडिएटर दुरुस्त करणारा म्हणाला, पंपातली झडप गेली. क्रेनवर काम केलेला एक म्हातारा आहे, त्यानं सिलिंडरला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, तेलात हवा आहे. मला उडायला शिकवलेल्या मास्तरांनी काहीच तपासलं नाही. ते म्हणाले, दाबाचा स्विच खोटं बोलत असणार, दाब उतरलेला नसतानाही पंपाला उठवत असणार. तिघांचंही पटलं, हीच माझी पंचाईत. मला ज्याचं शेवटी ऐकावं त्याचंच पटतं.

स्विच बदलला. पुढच्या फेरीत चाळीस मिनिटं पंप मुका! मी विमानात एकटा मोठमोठ्यानं गायलो. त्याच्या पुढच्या फेरीत तिसऱ्याच मिनिटाला गुर्रर्र. तोच स्विच, तेच तेल, तसंच ऊन. दिवसभर लॅबमध्ये कवळ्या घासतो आणि डोक्यात हेच दळण. काल एका गिऱ्हाईकाच्या कवळीला डावी दाढ उजवीकडे लावली. तीस वर्षांत असं झालेलं नाही.

एकेकदा वाटतं, मुळात आपलं बिनसलं त्या दिवशी काय झालं तेच मला नीट कळलेलं नाही. चार वर्षं आपण दोघांनी मिळून विमान बांधलं. शेवटच्या तपासणीच्या वहीत तुमची एक सही राहिली होती. तुम्ही म्हणालात, दाब धरायची चाचणी आणखी एक दिवस करू. मैदानावर सहा माणसं पहिलं उड्डाण बघायला आलेली. मी काहीतरी बोललो. नेमकं काय ते आठवत नाही.

आठवतं. मी म्हणालो, "तुमचा जन्म बसची दारं उघडण्या-मिटण्यात गेला, विमानातलं तुम्हाला काय कळतंय?" तुम्ही हात पुसलेत, फडक्याची घडी घालून खोक्यावर ठेवलीत आणि चालू लागलात. सही मग मी मास्तरांकडून घेतली.

बस आगारातल्या हेडफिटरला असं बोलायला नको होतं. पण तुम्हीही इतका हट्ट का धरलात? दाब तर सोळा तास टिकला होता. हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

— मेहुणा


१९ मार्च (पोस्टकार्ड)

उजव्या सिलिंडरला मी बसवलेल्याच रबरी रिंगा आहेत का?

आणि "आम्ही" घिरट्या घातल्या म्हणजे कोणी?


२४ मार्च

भावोजी,

तुमचं कार्ड तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. दोन ओळी, पण दोन्ही बरोबर दुखऱ्या दाढेवर.

आधी रिंगांचं. नाही, तुमच्या नाहीत. डिसेंबरात उजव्या सिलिंडरच्या दांड्याशी तेल पाझरायला लागलं. मी तो उघडला. तुम्ही ठेवलेल्या डबीतल्या रिंगा संपल्या होत्या. कुठून आणल्यात ते तुम्हाला विचारायचं तर आपलं बोलणं नाही. म्हणून ब्रेकचं सामान विकणाऱ्याकडे गेलो. माप जुळलं, रंग काळा, दिसायला सख्खी बहीण. दोन्ही रिंगा बदलल्या. पाझर थांबला आणि मी स्वतःवर खूश. पंपाची गुरगुर त्यानंतर महिन्याभरात सुरू झाली. पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण हे न लिहिता "तुम्ही काही वेगळं केलं होतंत का" असं विचारता येत होतं.

आता दुसरं. विमानात ताई होती.

रागावून पत्र फाडू नका, पुढे वाचा. तीच मागे लागली होती. "चार वर्षं माझा नवरा त्या शेडमध्ये होता, निदान कशासाठी होता ते तरी बघू दे." पंप मधेमधे सुरू होतो हे मला माहीत होतं. तिला सांगितलं नाही. वाटलं, वीस मिनिटांची चक्कर, त्यात काय होतंय!

वर ती फार खुशीत होती. तुमच्या घराची दिशा विचारली आणि तिकडे बघून हात हलवला. मग परत आलो, खटका खाली केला आणि दोनच दिवे लागले. मी हाताचा व्हॉल्व्ह उघडला. दाब सोडून दिला की चाकं आपल्याच वजनानं खाली पडतात आणि स्प्रिंग त्यांना खिट्टीत ओढते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. तरी तिसरा दिवा नाही. मैदानावरचा रेडिओवाला दुर्बीण घेऊन बाहेर आला. त्याच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीनं गेलो.

"उजवं लोंबतंय," तो म्हणाला. "बाहेर आहे, पण सरळ नाही."

"लोंबतंय म्हणजे आहे ना?" ताईनं विचारलं.

"आहे. पण खिट्टीत बसलेलं नाही. टेकलं की दुमडेल."

"मग टेकवू नकोस."

"कधीतरी टेकवावंच लागेल, ताई. पेट्रोल संपतं."

तिनं थोडा विचार केला. मग तोंडातून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. "नवी आहे," म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होईल, ही तुटायला नको."

मला हसू येईना, रडूही येईना. काय करावं हे मला खरंच कळत नव्हतं, भावोजी. पुस्तकात लिहिलेलं सगळं करून झालं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. तर ती बोळक्या तोंडानं म्हणाली, "ते असते तर त्यांनी काय केलं असतं?"

आणि मला तुमचं आगार आठवलं. मी डबा द्यायला आलो होतो. एका बसचं दार अर्ध्यात अडकलेलं आणि चौघं जण ते ओढत होते. तुम्ही सगळ्यांना बाजूला केलंत. म्हणालात, "ओढू नका. जिथून आलं तिथे त्याला परत जाऊ द्या, मग बोलवा."

मी व्हॉल्व्ह बंद केला. चाकं पुन्हा पार आत घेतली. वेग होता होईल तेवढा कमी केला, चाकं सोडली आणि पायांनी विमानाचं नाक डावीकडे-उजवीकडे झुलवत राहिलो, म्हणजे वाराही चाकाला ढकलेल. पहिल्या खेपेला नाही. दुसऱ्या खेपेला दिवा लुकलुकला आणि विझला. तिसऱ्या खेपेला लागला आणि राहिला.

उतरताना सगळा भार डाव्या चाकावर ठेवला होता. उजवं टेकलं तेव्हा मी डोळे मिटले, हे मास्तरांना सांगू नका. ते धरून राहिलं. ताई खाली उतरली, शेडच्या मागे हत्यारांच्या पेटीवर अर्धा तास बसून राहिली आणि मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस." मी हो म्हणालो. तिची काळजी म्हणून म्हणालो, की ते माझ्याच सोयीचं होतं म्हणून, हेही आता नक्की सांगता येत नाही.

तुम्ही काय शिव्या द्यायच्या त्या द्या. विमान जॅकवर आहे. चाकांचं कळेपर्यंत उडवणार नाही.

— मेहुणा


६ एप्रिल

भावोजी,

तुमची शिवी आली नाही, म्हणून जास्त भीती वाटतेय. तरी काय सापडलं ते लिहितो.

उजवा सिलिंडर उघडला. माझी रिंग भिजलेल्या मनुक्यासारखी फुगलेली आणि कडेनं कुरतडलेली. चौकशी केली तेव्हा कळलं, ते रबर ब्रेकच्या तेलासाठीच असतं. आपलं लाल तेल त्याला चालत नाही, ते पितं आणि फुगतं. फुगलेली रिंग दांडा धरून ठेवणार. कुरतडलेल्या कडेवरून तेल आतल्या आत एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जाणार, म्हणजे दाब उतरणार आणि बाहेर थेंब दिसणार नाही. सगळं जमलं! दोषी मी. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. निदान एक गोष्ट तरी नक्की झाली.

पण सगळं उघडलंच होतं, म्हणून स्प्रिंगा काढून वजन लावून पाहिल्या. डावी सोळा किलोला ताणली जाते, उजवी अकरालाच. हाताच्या व्हॉल्व्हची बैठक भिंगाखाली धरली तर तिच्यावर केसासारखा एक ओरखडा. दाब तिथूनही उतरू शकतो, आणि तोही आतल्या आतच.

पुन्हा सगळा गुंता. मग आठ दिवस काम संपलं की शेडमध्ये जाऊन एकच उद्योग केला. नव्या योग्य रिंगा आणि ती ढिली स्प्रिंग: वीसपैकी वीस वेळा चाक खिट्टीत. फुगलेली रिंग आणि कडक स्प्रिंग: वीसपैकी वीस. फुगलेली रिंग आणि ढिली स्प्रिंग, म्हणजे त्या रविवारी होतं तेच: वीसपैकी एकोणीस. शेडमध्ये वारा नाही, वेग नाही. वर काय झालं असेल ते इथे कळायचा मार्गच नाही. रिंगेमुळे अडलं? स्प्रिंगमुळे? दोघींनी संगनमत केलं? आणि दाब कुठून जात होता, रिंगेवरून की ओरखड्यावरून?

मी माझा गुन्हा कबूल करायला तयार आहे, पण माझा गुन्हा नेमका केवढा ते मलाच कळत नाहीये.

स्प्रिंग अशी का, एवढं सांगा. तुमचा हात कधी असा चुकत नाही.

— मेहुणा


१२ एप्रिल

दातवाल्या,

विमानात ती होती हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तिनं फोनवर आधी तुझी कवळी छान झाली म्हणून सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. बेचाळीस वर्षांत तिच्या पोटात काही राहिलेलं नाही. "त्यांना सांगू नकोस" म्हणाली ते तुझी परीक्षा घ्यायला म्हणाली की स्वतः आधी सांगायचं म्हणून, ते तिला विचार. मी विचारलं तर हसते.

तू स्वतः सांगतोस का, याची वाट बघत होतो. तू सांगितल्याशिवाय मी माझं सांगणार नव्हतो. हे काही शहाणपणाचं नाही, पण तसं झालं.

आता माझं. दोन्ही स्प्रिंगा मी एकाच तारेच्या वळवायला घेतल्या होत्या. उजवी वळवताना तुटली आणि तार संपली. दुसऱ्या तारेची केली. हातानं ओढून पाहिली, ठीक वाटली. वजन लावलं नाही. तू सह्यांची वही पुढे केलीस तेव्हा ती मला आठवली. एक दिवस चाचणी करू म्हणालो ते दाबासाठी नव्हतं. स्प्रिंग बदलायला मला एक दिवस हवा होता. सहा माणसांसमोर ते तोंडातून निघेना. तेवढ्यात तू बसच्या दारांचं बोललास आणि मला निघून जायला कारण मिळालं. त्या कारणावर मी तीन वर्षं काढली. एवढ्या दिवसांत ती स्प्रिंग ढिली आहे असं तुला एका ओळीनं कळवता आलं असतं. रोज वाटायचं, उद्या लिहू. मग वाटायचं, इतकी वर्षं चालतेय म्हणजे ठीकच असेल. आणि माझी बायको त्याच स्प्रिंगच्या भरवशावर वर फिरून आली. तिनं मला वरून हात केला म्हणे.

त्या दिवसापासून मला झोपेत दोनच दिवे दिसतात.

ओरखडा कशाचा ते मलाही माहीत नाही. माझा असू शकतो, तुझा असू शकतो.

आणखी एक. तुझं बोलणं मला लागलं, पण बसच्या दारांचं नाही. दारं मी उत्तमच उघडली. चार वर्षं आपण ते विमान बांधलं. तू मला ड्रिल धरा म्हणालास, तेल ओता म्हणालास, सही करा म्हणालास. एकदाही "बसा" म्हणाला नाहीस. ताईनं मागितलं आणि तिला बसवलंस. मला मागता येत नाही.

वीस तारखेला येतो. तार घेऊन येतो. न्यायला येऊ नकोस, रस्ता माहीत आहे.


२७ एप्रिल

ताई,

आज पत्र तुला. ज्यांना महिनाभर लिहीत होतो ते माझ्यापासून दोन हातांवर आहेत.

भावोजी आले तेव्हा काय बोलायचं याची मी तालीम करून ठेवली होती. त्यांनी पिशवी ठेवली आणि म्हणाले, "जॅक तिरका आहे." संपलं. तिथूनच कामाला लागलो. तार आणतो म्हणाले होते, पण चांगल्या स्प्रिंगा त्यांनी घरीच वळवून आणल्यात. तुझ्या ओट्याला त्यात खड्डा पडलाय, ते तुला आधी माहीत नसेल तर मी काही बोललो नाही. इथे दोघींना वजन लावलं: सोळा आणि सोळा. व्हॉल्व्हची बैठक घासून नवी केली. रिंगा त्यांनी भिंगातून पाहून, तेलात दोन दिवस बुडवून, पुन्हा मोजून मगच बसवल्या. चाकं साठ वेळा आत-बाहेर केली. प्रत्येक वेळी ते मोठ्यानं आकडा म्हणायचे आणि मध्येच माझ्याकडे बघून विचारायचे, "किती म्हणालो?"

आधी मी एकटाच वर जाऊन आलो. तीनदा. सगळं नीट. मग काल सकाळी मी म्हणालो, "बसा."

ते म्हणाले, "कुठे?"

मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी नुसतं बोटानं दाखवलं. त्यांनी पट्टा लावायला घेतला. आयुष्यभर नटबोल्ट फिरवलेले हात, बक्कल लागेना. मी लावून दिलं.

वर गेल्यावर म्हटलं, "खाली बघा, नदी दिसतेय."

"तू बघ. मी ऐकतोय."

त्यांनी खरंच बाहेर पाहिलं नाही. डोकं कलतं करून पंपाकडे कान लावून बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पंप गप्प. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी जरा मान वर केली, खिडकीतून पाहिलं, आणि मग बराच वेळ पाहतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की झरोक्यातून वारा लागत होता, कोण जाणे. माझीही तीच गत होती आणि माझ्या बाजूला झरोका नाही.

अडतिसाव्या मिनिटाला पंप सुरू झाला. चार सेकंद. मग बंद.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ती माझी स्प्रिंग नाही," भावोजी म्हणाले.

"माझी रिंगही नाही."

"मग कोण?"

"काय माहीत!"

आणि ताई, आम्हाला जे हसू फुटलं! मी दांडी धरून हसतोय, ते पट्ट्यात वाकून हसताहेत. रेडिओवाला विचारतोय, सगळं ठीक आहे ना, आणि आम्हाला उत्तर देता येईना. खटका खाली केला. डावा, पुढचा, उजवा, तिन्ही दिवे एका दमात लागले. उतरलोही अगदी अलगद. डोळे उघडे ठेवून.

मास्तर म्हणतात, अडतीस मिनिटांत एकदा म्हणजे काहीच नाही, एवढं चालतं. भावोजींना हे "चालतं" मान्य नाही. त्यांच्या मते टाकीजवळच्या नळीच्या सांध्यात काहीतरी आहे. माझ्या मते थंड हवेत तेलच आकसतं. दोघांपैकी कोण बरोबर ते कळायला सगळं पुन्हा उघडावं लागेल. त्यामुळे त्यांचं परवाचं तिकीट रद्द केलंय. आणखी आठ दिवस धर, पण त्या आठवर विसंबू नकोस. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात, नाव कळव. त्यांना विचारलं तर "पिवळी" म्हणतात.

आता थांबतो. ते विमानाखाली आडवे झालेत आणि हात बाहेर काढून पाना मागताहेत. कुठला ते सांगत नाहीत. बाराचा दिला, परत आला. चौदाचा दिला, तोही परत आला. आतून म्हणताहेत, "अरे, तो!"

— तुझा भाऊ